रकाना एकवीस

पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयामागे,
जनरेटर आणि बदामाचं झाड यांच्या मधोमध
आमची खोली.
एक्झॉस्ट पंखा मार्चपासून बंद आहे.
तीन अर्ज केलेत.

साडेदहाला हवालदार घरत पंचनामा घेऊन आले.
कलमाचा आकडा बदललाय,
एकशे चौऱ्याहत्तरचं एकशे चौऱ्याण्णव झालं,
घरत अजून जुनाच लिहितात, मग खोडतात.
मोरेश्वर केणी, वय एकेचाळीस, राहणार रोडपाली.
तळोज्याला, रात्रपाळीत, सांडपाण्याच्या टाकीपाशी.
सोबत कंपनीचं पत्र : छातीत कळ येऊन.
इतकं नीट टाइप केलेलं
की आधीच तयार असावं असं वाटलं.
वाटण्याला फॉर्मात जागा नसते.

चुलते दारात हात जोडून उभे.
चिरफाड नको मॅडम, आहे तसा द्या.
मी म्हणाले, न उघडता दिला
तर ते पत्र खरं ठरेल.
त्यांनी जोडलेले हात सोडले.

कागदावर शवविच्छेदन मी करते.
गळ्यापासून ओटीपोटापर्यंतची रेघ
रमणिक सोलंकी ओढतो, चौतीस वर्षं,
बेंबीला डावीकडून वळसा घालून.
का रे, मी एकदा विचारलं होतं.
तिथं आईनं बांधलेलं असतं ना, म्हणाला.
पुस्तकात कारण वेगळं आहे.
मी ते त्याला सांगितलेलं नाही.

हृदय तीनशे दहा ग्रॅम.
तिन्ही वाहिन्या बारीक कात्रीनं
शेवटपर्यंत उघडल्या. मोकळ्या.
पत्रातली कळ कुठेच सापडली नाही.
फुप्फुसं मात्र भिजल्या गोधडीसारखी,
कापली तसा फेस.
आणि मेंदूवर हिरवट छटा,
की ट्यूबलाइटचा रंग?
ट्रे खिडकीशी नेला.
रमणिक, तुला काय दिसतं?
हिरवं, म्हणाला.
दोघांनाही दिसलं, मग लिहिलं.

बरण्यांत खडेमिठाचं पाणी,
मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं.
चुलते दारातूनच बघत होते.
आमचंच मिठागर होतं हो, म्हणाले,
सिडकोत गेलं.
लाख तापवली. शिक्का. कलिन्याला पाठवायचं.
मत राखून ठेवलं आहे, असं मी लिहिते,
आणि ते राखलेलं मत
कधी सहा महिन्यांनी परत येतं, कधी दोन वर्षांनी.
मग कोर्टात वकील विचारेल,
डॉक्टर, तुम्हाला हा मृतदेह आठवतो का?
नाही आठवणार.
त्या दिवशी माझ्याजवळ
आज लिहिलेलं असेल तेवढंच असेल.
म्हणून डाव्या अंगठ्याची जुनी, बुजलेली जखमही लिहिते,
नखांतला राखाडी गाळही.

दोन वाजता बायको आली. सुगंधा.
ती कारण विचारणार म्हणून
मी एक वाक्य तयार ठेवलं होतं,
सोपं, कायद्यात बसणारं.
तिनं विचारलं,
जेवले होते का?

भांडण झालं होतं आदल्या संध्याकाळी.
डबा ओट्यावरच राहिला होता.

रकाना एकवीस, जठर आणि त्यातील पदार्थ :
भाताची शितं, ओळखू येणारी.
वालाचे दाणे. मिरचीचं साल.
हे आम्ही लिहितो ते वेळ काढायला,
शेवटच्या घासानंतर माणूस किती जगला ते.
जेवले होते, मी म्हणाले. वाल-भात.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
वाल मी केले नव्हते.
कुणीतरी आपल्या डब्यातले दिले असतील.
कुणी, ते कळतं का यात?

नाही कळत.

ती माझ्याकडून वळली, बाकावरच्या घरतांकडे गेली
आणि विचारलं,
रात्रपाळीला त्यांच्यासोबत कोण होतं?

पंचनाम्याची तीन पानं भरली होती.
घरतांनी ती पहिल्यापासून चाळली,
एकदा माझ्याकडे पाहिलं,
आणि पेनाचं टोपण काढलं.